गाडी स्वतः दुरुस्त करताना मॅन्युअल कसे मिळवले? आपले अनुभव लिहा

नव्या गाडीबरोबर मिळणारी पुस्तिका ऑइल कधी बदलायचे आणि टायरमध्ये हवा किती भरायची एवढेच सांगते. इंजिन उघडायचे असेल तर गॅरेजसाठी छापलेले सर्व्हिस मॅन्युअल लागते. ते आपण कोठून मिळवले आणि चांगले की टाकाऊ हे कशावरून ओळखले, ते कृपया सविस्तर लिहावे. सुरुवात मीच करतो.

वडिलांची १९८४ सालची बजाज चेतक किक मारून पाय भरून आला तरी सुरू होत नसे. प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा साफ केला, पण पॉइंटमधले (प्लगची ठिणगी ठरवणाऱ्या उघडझाप करणाऱ्या संपर्कांमधले) अंतर मात्र मी दाढीच्या ब्लेडने अंदाजे ठेवत होतो. शेवटी एका बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात कव्हर नसलेले मॅन्युअल सापडले. त्याची बहुतेक पाने कोरी करकरीत होती, परंतु इग्निशनच्या पानावर कोणा मिस्त्रीचा काळा अंगठा उमटलेला होता, आणि मला हवे होते तेही तेच पान. अंतर ०.३ ते ०.५ मि.मी. हवे, आणि ते फ्लायव्हीलच्या खिडकीतून फिलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पट्टी) घालून मोजायचे, असे तिथे चित्रासह दिले होते. तेव्हापासून जुने मॅन्युअल घेताना मी आधी मळलेली पाने पाहतो.

कोल्हापूरहून : बुलेटवाल्यांनी मुखपृष्ठावरच्या नावावर जाऊ नये. मी उत्साहाने मिळवलेले मॅन्युअल जुन्या कास्ट आयर्न इंजिनाचे निघाले. त्यात टॅपेट (व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या दांड्यातली फट) लावताना पुशरॉड, म्हणजे तो दांडा, बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये, असे फार सुंदर समजावले आहे. माझी बुलेट मात्र यूसीई, म्हणजे इंजिन व गिअरबॉक्स एकत्र असलेल्या नंतरच्या इंजिनाची; तिचे टॅपेट हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबाने आपोआप जुळणारे. तिथे असे काही लावायचेच नसते. अर्धा रविवार मी नसलेला स्क्रू शोधण्यात घालवला. इंजिनाचा प्रकार आणि गाडीचे साल जुळल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

नाशिकहून : टॉर्कचा तक्ता, म्हणजे कोणता बोल्ट किती जोराने आवळायचा याची यादी, नसेल तर ते मॅन्युअल मी घेत नाही. ऑइल काढण्याचा ड्रेन बोल्ट ‘चांगला घट्ट’ आवळून मी ॲल्युमिनियमच्या केसिंगचे आटे घालवले आहेत.

इंग्लंडहून : येथे हेन्सची मॅन्युअले प्रसिद्ध आहेत. गाडी प्रत्यक्ष खोलून ती तयार केलेली असतात, आणि काम किती अवघड आहे हे एक ते पाच पान्यांच्या खुणांनी दाखवतात. मी दोन पान्यांच्या पुढे जात नाही. त्यांचे एक वाक्य मात्र छळते : बसवण्याची कृती काढण्याच्या उलट. गंजलेला बोल्ट काढताना तुटला असेल तर उलट काय करायचे?

पुन्हा कोल्हापूरहून : त्यासाठीच मॅन्युअलच्या जोडीला सुट्या भागांचा कॅटलॉग ठेवावा. त्यातल्या चित्रात वॉशर कोणता आधी आणि कोणता नंतर हे दिसते, आणि तुटलेल्या बोल्टचा नंबरही मिळतो. तो नंबर कागदावर लिहून दुकानात नेला की दुकानदार ‘नमुना आणा’ म्हणत नाही.