शाळेच्या गेटवर बूम (चॅनलचा माईक) घेऊन उभं राहायचं आणि पोरांचे बाईट (कॅमेऱ्यासमोरचं बोलणं) घ्यायचे, ही बातमी झाली का?

गोदाकाठ:
काल इथे एकाने लिहिलं की चॅनलची गाडी गेटवर लागल्याशिवाय एकही मुख्याध्यापक हलत नाही, म्हणून मुलांच्या छळाच्या बातम्या चॅनलवाल्यांनी दणकून दाखवाव्यात. वाचल्यापासून डोकं फिरलंय. २०२३ च्या ऑगस्टमधलं यूपीतलं मुझफ्फरनगर विसरलात? तिथल्या खुब्बापूर गावच्या शाळेतली ती शिक्षिका खुर्चीत बसून वर्गातल्या पोरांना एकेक करून पुढे बोलावतेय आणि एका मुस्लीम मुलाला थोबाडीत मारायला लावतेय. तो व्हिडिओ लूपवर चालला, वर कॅमेरे त्याच्या घरी, पाढे येत नव्हते म्हणून मारलं हे त्याच्याच तोंडून पुन्हा वदवून घेतलं. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ म्हणतं नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असं काहीही द्यायचं नाही, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि मारणारी पोरंही लहानच होती ना? त्यांचे चेहरे कुणाच्या परवानगीने दाखवले?

सडेतोड_सांगली:
मीच लिहिलं होतं ते आणि आजही तेच म्हणतो. तो व्हिडिओ बाहेर आला नसता तर ती बाई आजही तशीच शिकवत बसली असती. देशभर बोंब झाली म्हणून महात्मा गांधींचे पणतू तुषार गांधी सुप्रीम कोर्टात गेले, कोर्टाने तपास वरिष्ठ आयपीएस अधिकाऱ्याकडे द्यायला लावला, मुलांच्या समुपदेशनासाठी आपल्या मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसला नेमलं. आणि तुमचं लाडकं कलम ७४ लावलं कुणावर? व्हिडिओ शेअर करणाऱ्या फॅक्ट-चेकर पत्रकार मोहम्मद झुबेरवर! कायदा मुलासाठी असतो की झाकपाक करणाऱ्यांसाठी, ते आधी ठरवा.

खडू_फळा:
तुम्ही दोघं यूपीत भांडताय, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, माझं ऐका. आमच्या शाळेत कुणीही बूम घेऊन घुसतं. ना परवानगी, ना ओळखपत्र, थेट चौथीच्या वर्गात, "कोण मारतं रे तुला?" पोरं कॅमेरा बघून काहीही बोलतात, एक बोललं की दुसरं त्याच्यावर चढवतं. हेच लोक शहरातल्या इंटरनॅशनल शाळेत जाऊन दाखवा म्हणावं, सिक्युरिटीवाला गेटच्या आत पाऊल टाकू देणार नाही! तिथे छळ होत नाही? बसमध्ये, हॉस्टेलवर सगळं होतं. पण तिथल्या पालकांचे वकील असतात, आणि त्याच शाळांच्या ॲडमिशनच्या जाहिराती असतात चॅनलवर. गरिबाचं पोर फुकट मिळतं ना.

स्ट्रिंगर_विदर्भ:
मॅडम, घुसतो आम्ही, पण पाठवतं कोण? मला बातमीमागे पैसे मिळतात, ते पण महिनोन्महिने थकलेले. चॅनलच्या डेस्कवरून, म्हणजे बातम्या निवडणाऱ्या ऑफिसातून, फोन येतो, बापाचा बाईट चालणार नाही, पोराचा हवा, रडतानाचा असेल तर आधी तो पाठव. नाही पाठवला तर दुसरा कुणीतरी पाठवतोच. जम्मूतल्या कठुआत बलात्कार करून मारलेल्या मुलीची ओळख उघड केली म्हणून २०१८ ला दिल्ली हायकोर्टाने १२ माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख भरायला लावले, तसं डेस्कवाल्यांना भरायला लावा, आमच्यावर कशाला ओरडता.

खडू_फळा:
मग सांगा ना डेस्कला की नाही पाठवत. पोट सगळ्यांनाच आहे. आमच्या एका सहकारी बाईंची काही चूक नसताना त्यांचं नाव चॅनलच्या खालच्या पट्टीवर चाललं, चौकशीत काहीच निघालं नाही, तेव्हा एक तरी कॅमेरा परत आला का?

सडेतोड_सांगली:
बाई, शिक्षकांचं रडगाणं पुरे. माझ्या भाच्याचं डोकं मुलांनी संडासाच्या भिंतीवर आपटलं होतं. शाळा म्हणाली खेळताना पडला. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज दिला, पोचपावतीसुद्धा दिली नाही. लोकल चॅनलवर आलं त्याच संध्याकाळी संस्थाचालक घरी येऊन सोफ्यावर बसला. आता सांगा मी काय करायला हवं होतं?

आई_ठाणेकर:
आणि भाचा त्याच शाळेत राहिला का? माझा मुलगा नाही राहू शकला. बातमीत चेहरा ब्लर केला होता, पण युनिफॉर्म, दप्तरावरचा स्टिकर, आमच्या बिल्डिंगची पाटी, सगळं स्वच्छ दिसत होतं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये पोरं त्याला "ब्रेकिंग न्यूज" म्हणून हाक मारायला लागली. आधी चार जण त्रास द्यायचे, मग अख्खी शाळा. खायचा नाही, बोलायचा नाही. शेवटी दाखला काढला.

गोदाकाठ:
चॅनलने जाऊच नये असं मी कुठे म्हटलं? संस्थाचालकाच्या केबिनमध्ये जा, गटशिक्षणाधिकाऱ्याला विचारा तो अर्ज कुठे गेला, शाळेच्या समितीच्या बैठका झाल्या का, रजिस्टर दाखव म्हणा. त्यात रडणारं पोर कशाला लागतं?

सडेतोड_सांगली:
ठीक आहे, चेहरा नको, बिल्डिंग नको, युनिफॉर्म नको. घ्या, झालं समाधान? पण पोराचं म्हणणं आवाज बदलून तरी ऐकवायलाच पाहिजे, नाहीतर मुख्याध्यापक कॅमेऱ्यासमोर छातीठोक सांगणार की आमच्याकडे असं काही घडलंच नाही आणि लोक त्याचंच खरं मानणार.

आई_ठाणेकर:
आवाज बदलून काय होतं, त्याने सांगितलेला प्रसंग वर्गातल्या चाळीस पोरांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो. ऐकवायचंच असेल तर आधी त्याचा वर्ग बदला, त्रास देणाऱ्यांच्या आईबापांना बोलवा, मग महिन्याने बाईट घ्या. थांबेल का कुठलं चॅनल महिनाभर?