२, ४, ८ नंतर १६च का?

चौथा बाक: काल ग्रुपवर एकाने लिहिलं, "अंकमालिकेला एकच उत्तर असतं, ज्याला दिसत नाही त्याने गणिताच्या नादी लागू नये." डोकंच फिरलं. २, ४, ८, पुढे काय? १६ म्हणाल, दोनाचा एनवा घात, एन म्हणजे कितवं पद ते. पण फरक बघा, २, ४, पुढे ६ धरा की १४ येतात, सूत्र एन वर्ग वजा एन अधिक २. ओढूनताणून आणलेलं नाही हे. कागदावर वर्तुळं काढा, प्रत्येक जोडी दोन ठिकाणी छेदली पाहिजे आणि तीन एका बिंदूत नकोत. एका वर्तुळाने कागदाचे २ भाग, दोनांनी ४, तिनांनी ८, चौथं काढलं की १४, मोजून बघा. नियम न सांगता सामान्य पद, म्हणजे एनव्या पदाचं सूत्र, मागायचं म्हणजे प्रश्नच अर्धवट.

गुरुजी: अहो पोरांना कशाला घोळात घालता. दहावीत अंकगणिती श्रेढी म्हटलं की पहिलं पद आणि सामाईक फरक, विषय संपला. भरतीच्या पेपरात मिनिटभरही मिळत नाही, सगळ्यात सोपा नियम घ्यायचा हे सगळ्यांना माहीत असतं.

रेवा: श्रेढी म्हटलं म्हणजे नियम दिलाच की हो, तेच तर तो म्हणतोय! माझ्या भावाच्या पेपरात १४ पण पर्याय होता नि १६ पण. त्याने फरक काढून १४ केलं, उत्तरतालिकेत १६. हरकत घ्यायला पैसे भरले, वर पुरावा म्हणून पुस्तकाचं पान जोडा म्हणे, कुठलं पान जोडणार? अंतिम तालिका तीच, कारण एका ओळीनेही नाही. एका मार्काने गेला तो.

घाटावरचा: हरकतीचं तर बोलूच नका. आमच्या वेळी प्रश्न रद्द करून सगळ्यांना मार्क वाटले, मग ज्यांनी त्यावर वेळ घालवला त्यांचं काय? आणि निगेटिव्ह मार्किंगला घाबरून सोडणारे फुकट पुढे गेले.

रेवा: निदान रद्द तरी केला तुमचा!

दीपाली: धागा हरकतीचा नाहीये. गुरुजी, तुमचा सोपा नियमच फसतो. वर्तुळावर बिंदू घ्या, सगळे एकमेकांना जोडा, आत जास्तीत जास्त भाग १, २, ४, ८, १६ आणि सहा बिंदूंना ३१! गणिती ऑयलरचं सूत्र, एन वर्ग अधिक एन अधिक ४१, एनला शून्यापासून ३९पर्यंत मूळ संख्याच देतं, ४०ला १६८१, म्हणजे ४१चा वर्ग.

गुरुजी: मग तपासायचं काय आम्ही? फरकाची पद्धत मीच शिकवतो, २, ६, १२, २०, फरक ४, ६, ८, म्हणून एन गुणिले त्याच्या पुढची संख्या. स्वतः सूत्र सापडलं की पोरं खूश होतात. तुमचं ऐकून 'काहीही चालतं' म्हणतील.

चौथा बाक: काहीही चालतं असं कोण म्हणालं? जुन्या काळचे गणिती नारायण पंडित, त्यांनी १३५६ साली गणितकौमुदी या ग्रंथात गाईंचं गणित घातलं तेव्हा गाय दरवर्षी विते, वासरू तीन वर्षांचं झालं की तेही विऊ लागतं, हे आधी सांगितलं, मग २० वर्षांत किती ते विचारलं. तेवढंच मागतोय.

गुरुजी: बरं, प्रश्नात 'गुणोत्तर स्थिर आहे' एवढं लिहायला काही जात नाही, मान्य. पण १४ला मार्क मी देणार नाही.

रेवा: ते लिहिलं नव्हतं म्हणून गेलेला मार्क मग कोण देणार, सांगा ना.