एकही गाणं न गाणारा बँड: 'गॉडस्पीड'शी तुमची गाठ कशी पडली?

पोस्ट-रॉकचा, म्हणजे गायनापेक्षा वाद्यांच्या लांबलचक रचनांवर भर देणाऱ्या रॉकचा, विषय निघाला आणि गाडी माँट्रियलच्या 'गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर'वरच अडली. म्हणून सगळ्यांनाच विचारते, हा बँड तुम्हाला कुठे सापडला? डोक्यात गेला असेल तरी लिहा.

मला सापडला '२८ डेज लेटर' या सिनेमामुळे. ओस पडलेल्या लंडनमधून नायक एकटाच हिंडतो तेव्हा मागे चढत जातो तो 'ईस्ट हेस्टिंग्ज'चा तुकडा. साउंडट्रॅकच्या अल्बमात शोधला तर तिथे नाहीच! मूळ रचना सीडीवर १८ मिनिटांची, व्हँकुव्हरच्या एका रस्त्याच्या नावाची. सुरुवातीला बॅगपाइप आणि रस्त्यावर गळा काढून ओरडणारा एक धर्मप्रचारक. सिनेमा राहिला बाजूला, मी बँडच्या मागे लागले.

पुणेकर: होस्टेलवर सिनियरच्या हार्ड डिस्कमधून २००० सालचा 'लिफ्ट युवर स्किनी फिस्ट्स...' आला. दोन सीडींचा अल्बम आणि फायली चारच. प्रत्येक वीस मिनिटांच्या आसपास. पहिली 'स्टॉर्म' लावली. एक साधीशी गिटार तेच तेच सूर घोळवत बसते, व्हायोलिन येऊन मिळतं, ड्रम धडाडायला लागतात आणि बघता बघता सगळं अंगावर येतं. ते ओसरल्यावर मात्र पेट्रोल पंपावरची रेकॉर्डेड घोषणा ऐकू येते, अगदी कोरडी. तिथे मी पुरता गार झालो. आमचा रूममेट मात्र पंखा चालू ठेवून झोपला होता.

नाशिककर: याला 'पाश्चात्त्य विलंबित ख्याल' म्हणायची फॅशन आहे. मी गाणं शिकलेय, मला पटत नाही. ख्यालात एकच कलाकार क्षणोक्षणी निर्णय घेत असतो. इथे तीन गिटारी, दोन बास, दोन ड्रम आणि व्हायोलिन मिळून ठरवून एक भिंत रचतात. मजा आहे ती त्या ठरवण्यात. त्याच अल्बममधलं 'स्लीप' ऐका. सुरुवातीला एक म्हातारा न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडच्या आठवणी सांगतो, पूर्वी लोक तिथे समुद्रकाठी झोपायचे म्हणतो. त्याचं बोलणं संपल्यावर गिटार जी रडते, तिला शब्दांची गरजच उरत नाही.

माँट्रियलहून: इकडे नोकरीला आल्यावर प्रत्यक्ष ऐकलं. स्टेजवर जवळजवळ अंधार, कुणी प्रेक्षकांशी बोलत नाही, काहीजण खाली मान घालून बसूनच वाजवतात. आधी नुसता बास आणि व्हायोलिनचा लांबलचक घुमारा. मागे पडद्यावर १६ मिमीच्या फिल्मवर ओरखडून लिहिलेला 'होप' हा शब्द थरथरत असतो. प्रोजेक्टर चालवणाराही बँडचाच माणूस. कॉन्सर्ट संपल्यावर कानांत शिट्टी वाजत होती. इअरप्लग न्याच, कौतुक नंतर.

ठाणेकर: माफ करा, मला झेपला नाही. दहा मिनिटं वाट बघायची आणि मग नुसता गोंगाट. गायक कुठंय?

कोल्हापूरकर: मी रेकॉर्ड जमवतो. यांच्या १९९७ च्या 'एफ शार्प ए शार्प इन्फिनिटी' (F♯ A♯ ∞) अल्बमची एलपी परदेशातल्या भावाकडून मागवली. पाकिटात कागदांसोबत आगगाडीखाली चेपलेलं कॅनडाचं एक नाणं निघालं, हातात घेतलं तर पापडासारखं! दुसऱ्या बाजूची शेवटची खाच बंद वर्तुळात कापलेली आहे, म्हणजे आपण उठून सुई उचलेपर्यंत शेवट येतच नाही. अल्बमच्या नावात अनंताचं चिन्ह आहे ते उगाच नाही.

पुणेकर: ठाणेकर, गायक नाही म्हणजे म्हणणं नाही असं समजू नका. 'यांकी यू.एक्स.ओ.' या अल्बमच्या मलपृष्ठावर रेकॉर्ड कंपन्या आणि शस्त्रास्त्र उद्योग यांचे संबंध दाखवणारा तक्ता छापला होता. २०१३ साली कॅनडाचा पोलारिस हा संगीत पुरस्कार मिळाला तर सोहळ्याला गेलेच नाहीत, उलट त्या झगमगाटावर टीका केली आणि ३०,००० डॉलर क्वेबेकच्या तुरुंगांतल्या कैद्यांना वाद्यं देण्यासाठी वापरू म्हणाले. २००३ मध्ये ओक्लाहोमातल्या एका पेट्रोल पंपावर लोकांना हे दहशतवादी वाटले, एफबीआयने चौकशी करून सोडलं.

ठाणेकर: हे सगळं भारी आहे, पण कानांना काय त्याचं?

बरोबर आहे ठाणेकर. तुम्ही आधी ग्लासगोच्या 'मोगवाई'चं 'मोगवाई फिअर सेटन' ऐका. सोळा मिनिटांचं आहे, पण ते लवकर पेटतं. नाहीच जमलं तर लतादीदी आहेतच, तिथे आपलं भांडण नाही. बाकीच्यांनी लिहा की, नागपूरकर कुठे आहेत?