डोक्याच्या मारावर ऑक्सिजन चेंबर: त्यासाठी कर्ज काढू नका

कृष्णेचा_घाट (मिरज)

मिरजेत माझं मेडिकलचं दुकान आहे. मी डॉक्टर नाही, पण दवाखान्यांच्या गल्लीत बसून लोक काय विचारतात ते रोज ऐकतो. सध्या एक प्रश्न फार येतोय. पोरगा गाडीवरून पडलेला असतो, नाहीतर रात्री उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलेला असतो. मेंदूला सूज म्हणून कवटीचं हाड काढून पोटाच्या कातडीखाली ठेवतात, काही महिन्यांनी परत बसवतात. जीव वाचतो. पण घरी आलेला पोरगा पहिल्यासारखा नसतो. चिडतो, विसरतो, शब्द सापडत नाहीत, दिवसभर झोपतो. मग कुणीतरी व्हिडिओ पाठवतं की ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये बसवलं की झोपलेला मेंदू जागा होतो. चाळीस सिटिंगचं पॅकेज, पुण्यात खोली, जाणं-येणं, दोघांचं जेवण. दोन लाखांच्या घरात जातं.

चेंबर म्हणजे थोतांड असं मी म्हणत नाही. आत हवेचा दाब दीडपट ते तिप्पट करतात आणि माणूस शुद्ध ऑक्सिजन घेतो. एरवी ऑक्सिजन हिमोग्लोबिन वाहून नेतं, आणि निरोगी माणसात ते आधीच जवळपास भरलेलं असतं. दाब वाढला की ऑक्सिजन थेट प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवात, विरघळतो. नेहमी १०० मिलि रक्तात असा विरघळलेला ऑक्सिजन ०.३ मिलि असतो, तिप्पट दाबाला तो ६ मिलिपर्यंत जातो. खोल पाण्यात बुडी मारणाऱ्यांचा दाबाचा आजार, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, गॅस गँगरीन, शुगरवाल्यांच्या पायाच्या काही न भरणाऱ्या जखमा, रेडिएशननंतरची इजा, इथे हा उपचार मान्य आहे. मेंदूचा मार त्या यादीत बसत नाही. औषधं-उपचारांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए खात्याने २०१३ मध्येच लोकांना जाहीरपणे सांगितलं की मेंदूच्या इजेसाठी आम्ही याला मान्यता दिलेली नाही.

ज्याच्याकडे पैसा आहे त्याने काय करायचं ते करावं. माझा राग आहे तो सोसायटीचं कर्ज आणि बायकोचे दागिने यावर चाळीस सिटिंग विकणाऱ्यांवर.

संगममाहुली (सातारा)

दादा, तुमचा राग समजतो. पण आमच्या मिस्टरांचं सांगते. खंबाटकीच्या उतारावर अपघात झाला, डोक्याला मार. वर्ष उलटून गेल्यावर चेंबर केलं. आधी टीव्हीचा आवाज सहन व्हायचा नाही, पोरं मोठ्यानं बोलली तरी अंगावर धावून जायचे. आता स्वतः भाजी आणतात, सुट्टे पैसे मोजून घेतात. न्यूरोवाल्या डॉक्टरांनी "आता आहे ते असंच राहणार" म्हणून हात वर केले होते. मग तुमची यादी मी काय करू?

यादीत नाव नाही याचा अर्थ उपयोग नाही असा होत नाही. एखाद्या औषधाची कंपनी चाचणीवर शेकडो कोटी घालते, कारण पुढे पेटंट असतं. ऑक्सिजनला कोण पेटंट देणार?

कृष्णेचा_घाट (मिरज)

ताई, त्यांना बरं वाटतंय हे वाचून खरंच आनंद झाला. पण चाचण्या झाल्याच नाहीत असं नाही, आणि त्या करणारी कंपनी नव्हती, अमेरिकेचं लष्कर होतं. इराक-अफगाणिस्तानातून स्फोटांचे धक्के खाऊन आलेल्या सैनिकांवर त्यांनी काळजीपूर्वक चाचण्या केल्या. त्यातली २०१५ मध्ये छापून आलेली सगळ्यात उपयोगी. ७२ जण, तीन गट. एका गटाला दीडपट दाबाला शुद्ध ऑक्सिजन, दुसऱ्याला १.२ पट दाबाला नुसती हवा (त्यांना वाटत होतं की आपल्यालाही खरंच देतायत), तिसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. चेंबरमध्ये बसलेले दोन्ही गट तिसऱ्यापेक्षा सुधारले. आणि त्या दोघांत फरक काहीच नव्हता.

म्हणजे तुमच्या घरी जी सुधारणा दिसली ती खोटी नाही. ती ऑक्सिजनमुळे झाली का, एवढाच माझा प्रश्न आहे.

माजी_सुभेदार (अपशिंगे, ता. सातारा)

ह्या विषयात आमच्या गावाला बोलायचा हक्क आहे, इथं घरटी एक फौजी. स्फोटाजवळ उभा राहिलेला माणूस बाहेरून धडधाकट दिसतो, आणि घरी आल्यावर बायको सांगते की रात्रभर झोपत नाही. सीटी स्कॅन क्लीन. मग म्हणतात नाटक करतो.

कृष्णेचा घाट, तुम्ही अमेरिकन लष्कराचं अर्धं सांगितलं. तिथं टेक्सास, ओक्लाहोमा अशा राज्यांनी माजी सैनिकांना हा उपचार मिळावा म्हणून कायदे केले. ते काय वेडे आहेत? आणि आपल्या नौदलाच्या मुंबईतल्या अश्विनी हॉस्पिटलात चेंबर आहे, नेव्हीवाले खेळण्यातल्या वस्तू ठेवत नाहीत. माझा पुतण्या शेंद्र्याजवळ हायवेला पडला. वय पंचवीस. बसून राहू?

कराडची_फिजिओ

सुभेदार काका, कायदे आमदार करतात, पुरावा वेगळा तपासावा लागतो. त्याच अमेरिकेत लष्कर आणि माजी सैनिक खात्याने मिळून २०२१ मध्ये डोक्याच्या सौम्य माराबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात हा उपचार वापरू नका असं म्हटलंय. आणि नेव्हीचं चेंबर मुळात पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठी असतं.

इथे सगळे एक गोष्ट मिसळतायत ती आधी वेगळी करते. अपघातानंतर पहिल्या काही तासांत, पेशंट कोमात असताना चेंबर वापरणं हा एक विषय. वर्षभराने घरी चिडणाऱ्या माणसाला बसवणं हा दुसरा. पहिल्यात आशा धरायला जागा आहे. मिनियापोलिसला १९९२ मध्ये १६८ गंभीर पेशंटवर अभ्यास झाला, मृत्यूचं प्रमाण ३२ टक्क्यांवरून १७ वर आलं. पण वाचलेले जास्तीचे लोक स्वतःच्या पायावर उभे राहिले का? तसं दिसलं नाही. कॉक्रेन या चाचण्यांचे निकाल तपासणाऱ्या संस्थेने २०१२ मध्ये ७ चाचण्या आणि ५७१ पेशंट एकत्र करून पाहिलं, तिथेही तेच. जीव वाचतो असं दिसतं, आयुष्य परत मिळतं याचा पुरावा तोकडा, आणि फुप्फुसाचे त्रास वाढतात. हॉबिट नावाची मोठी चाचणी ह्याच पहिल्या विषयासाठी उभी केली.

पुण्यात पॅकेज विकतात ते दुसऱ्या विषयाचं, आणि पुढे करतात पहिल्याचे आकडे. माझी खरी तक्रार ही आहे.

आता दुसरं. सांगते म्हणून रागावू नका. माझ्याकडे येणारे नातेवाईक फिजिओचे पैसे देताना घासाघीस करतात, "घरीच करून घेऊ ना मॅडम" म्हणतात, आणि स्पीच थेरपीला तर कुणी जातच नाही. तेच लोक चेंबरसाठी दीड-दोन लाख जमवतात. कारण चेंबर दिसतं. त्याला काच आहे, मीटर आहे, सिलिंडर आहे. मी रोज तोच हात तसाच वर करून घेते, त्यात बघण्यासारखं काही नसतं.

हळदीपेठ (सांगली)

मला एक समजत नाही. १.२ पट दाबाच्या साध्या हवेने माणूस सुधारतो असं म्हणायचं असेल तर हिशोब करून बघा. त्या हवेत ऑक्सिजन मिळतो तो नेहमीच्या दाबाला २५ टक्के ऑक्सिजन घेतल्याइतका. वॉर्डात नाकाला नळी लावून मिनिटाला एक लिटर सोडतात, त्यातही साधारण एवढाच मिळतो. त्यानं कुणाचा मेंदू जागा झालेला ऐकला नाही.

आणि दाबाचीच जादू असेल तर महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला जा. जवळपास तेराशे मीटर खाली आलं की हवेचा दाब जवळपास सहाव्या हिश्श्यानं वाढतो. तिकीट एसटीचं. 😀

संगममाहुली (सातारा)

हळदीपेठ, ज्याच्या घरी असा माणूस आहे त्याच्यासमोर हा विनोद करून बघा एकदा.

बाकी, मुद्द्याला मुद्द्यानं उत्तर देते, आम्हीही वाचतो. घाट उतरल्यावर तुम्ही नेहमीच्या दाबावर येता, चेंबरमध्ये नेहमीच्या दाबाच्या वर जाता. ती गोष्ट एकच नाही. म्हणूनच काही डॉक्टर म्हणतात की लष्कराने जे खोटं चेंबर म्हणून वापरलं ते मुळात कमी डोसचं खरंच चेंबर होतं, दोन्ही गट सुधारले ते त्यामुळे. आणि नंतर इस्रायलमध्ये २५ मुलांवर चाचणी झाली, २०२२ मध्ये छापली. डोक्याला मार लागून महिनोन् महिने त्रास असलेली पोरं, ६० सिटिंग, दीडपट दाब, समोर तुलनेला दुसरा गट. ऑक्सिजन मिळालेल्या मुलांची स्मरणशक्ती आणि कामाचं नियोजन खोट्या सिटिंगवाल्यांपेक्षा सुधारलं. हे तुमच्यापैकी कुणी सांगितलं नाही.

कृष्णेचा_घाट (मिरज)

बरं केलंत सांगितलं, ती चाचणी इथे यायलाच हवी होती. दुसऱ्या बाजूचा सगळ्यात दमदार कागद तोच आहे.

पण २५ मुलं म्हणजे एका गटात पंधरा, दुसऱ्यात दहा. दोघा-तिघांचे निकाल फिरले तर सगळा निष्कर्ष फिरतो. शिवाय त्या संशोधकांपैकी काहींचे चेंबरची क्लिनिकं चालवणाऱ्या कंपनीशी संबंध आहेत, आणि ते त्यांनी स्वतःच लेखांत जाहीर केलेले असतात. त्यामुळे निकाल खोटा ठरत नाही, पण दुसऱ्या कुणीतरी, जास्त लोकांवर तोच निकाल काढून दाखवेपर्यंत मी त्यावर दागिने मोडा म्हणणार नाही.

"खोटं चेंबर म्हणजे कमी डोसचं खरं चेंबर" हा युक्तिवाद तर विकणाऱ्यांच्याच अंगलट येतो. तो खरा मानला तर १.२ पटाची हवा आणि दीडपटाचा शुद्ध ऑक्सिजन सारखंच काम करतात. मग महागडा ऑक्सिजन, जास्त दाब, जास्त धोका कशासाठी विकता? आणखी एक. २०१८ मध्ये ७१ जणांची लष्कराची चाचणी छापली गेली, त्यात १३ आठवड्यांनी खऱ्या ऑक्सिजनवाल्यांना थोडा जास्त फायदा दिसला. मला वाचून आशा वाटली. पण वर्षभर मागोवा घेतला तेव्हा तो फायदा ओसरलेला होता. पॅकेज विकणारे तेरा आठवड्यांवर थांबतात.

माणदेशी_गडी (दहिवडी)

आमच्याकडं पाणीच न्हाय तर ऑक्सिजनचं काय घिऊन बसलाय. पर एक इचारतो, समजा ह्या ताईंच्या मिस्टरांना बसून बरं वाटलं, रोज उठून तयार हुन गाडीत बसून गावाला जायचं, कुणीतरी नाव घिऊन इचारपूस करायचं, तेनंच फरक पडला आसंल तर? घरी तर त्यो माणूस भिताडाकडं बघून बसतोय. तसं आसंल तर तेवढं इथंच सातारला का करू नये?

कराडची_फिजिओ

माणदेशी दादा, अख्ख्या धाग्यात हे कुणी बोललं नव्हतं. ठरलेली वेळ, रोजचा प्रवास, ओळखीचे चेहरे, बायको शेजारी तासभर मोबाईल न बघता बसलेली. त्या ७२ जणांच्या चाचणीत तिसऱ्या गटाला नेमकं हेच मिळालं नव्हतं. म्हणून तो मागे पडला असावा, असं माझं मत.

माजी_सुभेदार (अपशिंगे, ता. सातारा)

तुमचं सगळं वाचलं. कागद तुमच्या बाजूनं जड आहेत हे दिसतंय. तरी मी पुतण्याला नेणार. माझ्या भावानं उद्या विचारलं की एवढं होतं तर केलं का नाहीस, तर त्याला कॉक्रेन सांगू का? शेत विकत नाही, कर्ज काढत नाही, पेन्शनचा पैसा आहे. आता भांडण बाजूला ठेवून एवढं सांगा, नेताना काय बघायचं.

कराडची_फिजिओ

काका, मग नीट सांगते.

आधी छातीचा एक्स-रे. अपघातात बरगड्या मोडल्या असतील, फुप्फुसातून हवा बाहेर आली असेल तर ते पूर्ण बरं झाल्याशिवाय आत बसवायचं नाही, तिथं जिवाला धोका असतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना कान दाखवा, दाबाने पडदा दुखावणं हा सगळ्यात नेहमीचा त्रास आहे. फिट येत असतील तर न्यूरोच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊल उचलू नका, कारण जास्त दाबाच्या ऑक्सिजनने स्वतःहून फिट येऊ शकते, आणि मार लागलेल्या मेंदूत ती शक्यता आधीच असते. काही आठवडे लांबचं धूसर दिसतं, ते बहुतेकांचं आपोआप परत येतं. फुग्यासारखं मऊ चेंबर दाखवलं तर परत या, त्यात दाब १.३ पटाच्या आसपासच जातो आणि बऱ्याचदा शुद्ध ऑक्सिजनही नसतो.

आगीचं सगळ्यात महत्त्वाचं. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठिणगी पुरते. मिलानमध्ये १९९७ ला एका चेंबरच्या आगीत ११ माणसं गेली, जानेवारी २०२५ मध्ये मिशिगनमध्ये पाच वर्षांचं मूल गेलं. डोक्याला तेल लावून जायचं नाही, अंगाला बाम चोळायचा नाही, कपडे सुतीच, आणि मोबाईल बाहेर. तिथला माणूस हे स्वतःहून विचारत नसेल तर तिथे बसवूच नका.

आणि पहिल्या सिटिंगच्या आधी त्याची लक्ष आणि स्मरणशक्तीची तपासणी करून कागद घरी ठेवा. चाळीस झाल्यावर तीच परत, मग वर्षाने परत.

माजी_सुभेदार (अपशिंगे, ता. सातारा)

कान आणि एक्स-रे सोमवारी करतो. तपासणी कराडला तुमच्याकडच्या माणसाकडून करून घेईन, चेंबरवाल्यांकडून नाही. आणि पोरी, स्पीच थेरपीवाल्याचा नंबर मेसेजमध्ये पाठव, तेही त्याच आठवड्यात चालू करतो.

संगममाहुली (सातारा)

मलाही पाठवा. आमची वर्षाची तपासणी राहिलीच आहे.