चुलीचा धूर राहूनच गेला

‘गरीब देशांनी आधी विकास करावा, हवेचं नंतर बघू’ असा मुद्दा हवामानबदलाच्या चर्चेत मांडला जातो; मला तो पटला नाही. ही सगळी चर्चा कोळसा आणि सौरऊर्जेभोवतीच फिरतेय, चुलीचा धूर कुणी मोजलाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या प्रदूषित हवेने सुमारे ३२ लाख माणसं दगावली. लाकूड-शेण्या अर्धवट जळून उडणारी काजळी हवेत काही दिवस, फार तर काही आठवडे टिकते; कोळशासारखं इंधन जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड मात्र शतकानुशतकं. म्हणजे काजळी थांबवली की हवेत फरक लगेच पडतो. म्हणून गॅस जीवाश्म इंधन असला तरी चुलीपुढे मला तो चालतो (पर्यावरणवादी रागावतील, रागावोत).

फक्त शेगड्या वाटून भागत नाही. सिलिंडर पुन्हा भरणं परवडलं नाही की चूल परत पेटते, आणि कागदोपत्री ते घर ‘स्वच्छ इंधनवालं’च राहतं.