‘६-५ अशा गोलसरासरीने’ : युरोपीय फुटबॉलच्या बाद फेऱ्यांतले मराठी शब्द

कॉर्नरफ्लॅग

चॅम्पियन्स लीगच्या बाद फेऱ्या सुरू झाल्या की एक वाक्य हमखास वाचायला मिळतं: ‘बार्सिलोनाने परतीच्या लढतीत ६-१ असा विजय मिळवत ६-५ अशा गोलसरासरीने आगेकूच केली.’ इथे ‘सरासरी’ बरोबर आहे का? नसेल तर काय लिहावं? जोडीला आणखी काही शंका: ‘लेग’ला (घरी एक आणि बाहेर एक अशा दोन सामन्यांतल्या प्रत्येकाला) टप्पा म्हणावं की लढत? ९० मिनिटांनंतरचा वेळ ‘अतिरिक्त’, ‘जादा’ की ‘भरपाई’? आणि मोठी पिछाडी भरून काढून जिंकण्याला चाहते ‘रेमोंतादा’ म्हणतात, त्याला आपल्याकडे काय म्हणाल?

बेरीजवजाबाकी

सरासरी नाहीच. सरासरी म्हटली की भागाकार आला, इथे निव्वळ बेरीज आहे. १४ फेब्रुवारी २०१७ ला पॅरिसमध्ये पीएसजी (पॅरिस सें-जर्मेन) ४-० ने जिंकले, ८ मार्चला कॅम्प नोऊवर बार्सिलोना ६-१ ने. बार्सिलोनाचे ० अधिक ६, पीएसजीचे ४ अधिक १. झाले ६-५.

‘गोलसरासरी’ हा शब्द मात्र हवेतून आलेला नाही. इंग्लंडच्या लीगमध्ये गुण समान झाले की १९७५-७६ च्या हंगामापर्यंत खरोखरच भागाकार करत असत: केलेले गोल भागिले स्वीकारलेले गोल. १९२३-२४ चा हंगाम पाहा. हडर्सफील्ड आणि कार्डिफ दोघांचे गुण सारखे. हडर्सफील्डचे ६० गोल, अंगावर ३३, म्हणजे सरासरी १.८१८. कार्डिफचे ६१, अंगावर ३४, म्हणजे १.७९४. विजेतेपद हडर्सफील्डला. वजाबाकी केली तर दोघांचेही २७ येतात, आणि मग जास्त गोल करणारा संघ पुढे हा आजचा नियम लावला तर करंडक कार्डिफकडे गेला असता. शब्द बदलला की विजेता बदलतो, इतका हा फरक खरा आहे.

म्हणून भागाकाराला गोलसरासरी, वजाबाकीला गोलफरक आणि दोन लढतींच्या बेरजेला एकत्रित गोलसंख्या. पहिली आता इतिहासात जमा आहे, दुसरा साखळीच्या गुणतक्त्यात लागतो, तिसरी फक्त दोन लढतींच्या बाद फेरीत. बातमीत ‘गोलसरासरी’ दिसली की ती बहुतेक वेळा दुसऱ्या किंवा तिसऱ्याच्या जागी आलेली असते.

राइटबॅक

‘एकत्रित गोलसंख्या’ बरोबर आहे, पण बोलताना कुणी म्हणत नाही. ‘दोन्ही लढती मिळून ६-५’ हे तोंडात बसतं. ‘एकूण ६-५’ सुद्धा चालेल, फक्त ‘एकूण गोल’ असं लिहिलं की वाचक ११ चा आकडा शोधू लागतो.

बेरीजवजाबाकी

मान्य. मथळ्यात ‘एकूण ६-५’, मजकुरात ‘दोन्ही लढती मिळून’.

कॉर्नरफ्लॅग

आणि ‘प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरचा गोल दुप्पट धरतात’ हे वाक्य? तेही या सामन्याच्या चर्चेत सारखं येतं.

बेरीजवजाबाकी

ते वाक्य मोडीत काढायला हाच सामना पुरेसा आहे. बार्सिलोनाचे सहाही गोल घरच्या मैदानावर. पीएसजीचे पाचपैकी चार घरचे आणि ६२ व्या मिनिटाचा कावानीचा गोल बाहेरचा. तो दुप्पट धरला तर ४ अधिक २ म्हणजे ६, आणि निकाल ६-६! पण बार्सिलोना ६-५ ने सरळ पुढे गेली. गोल कधीच दुप्पट होत नव्हता. बेरीज समान आली, तरच बाहेर कुणी जास्त गोल केले ते बघत.

त्या नियमाचा धाक त्या रात्री वेगळ्या ठिकाणी होता. कावानीच्या गोलनंतर बेरीज ३-५ झाली. आणखी दोन गोलांनी ५-५ झाले असते, पण बाहेरचा एक गोल पीएसजीकडे असल्याने बार्सिलोना बाद. म्हणून दोन नव्हे, तीन हवे होते. ते ८८, ९०+१ आणि ९०+५ या मिनिटांना आले. चाहत्यांच्या तोंडी ‘एका गोलने तीन गोलांचं ओझं’ असं यायचं ते यामुळे.

१० एप्रिल २०१८ ला रोमाने बार्सिलोनाला ३-० ने हरवलं ते या नियमाचं शुद्ध उदाहरण. पहिल्या लढतीत बार्सिलोना ४-१, बेरीज ४-४, रोमाचा बाहेर एक गोल, बार्सिलोनाचा शून्य. हा नियम युरोपीय फुटबॉलची संघटना यूएफाने जून २०२१ मध्ये रद्द केला, २०२१-२२ पासून तो लागू नाही. जुन्या सामन्यांबद्दल लिहिताना ‘प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर केलेल्या गोलच्या निकषावर’ असं लिहावं. ‘अवे गोलवर’ हे बोलण्यात चालतंच.

साइडलाइन

‘लेग’बद्दल. ‘पहिल्या टप्प्यात ४-० ने पराभव’ हे मला धोक्याचं वाटतं, कारण ‘साखळी टप्पा’ आणि ‘बाद टप्पा’ यांसाठीही आपण तोच शब्द वापरतो. २०२४-२५ पासून तर साखळीत ३६ संघ आणि प्रत्येकी ८ सामने आहेत. पहिल्या टप्प्यात म्हणजे त्या आठांत की पहिल्या लेगमध्ये, वाचकाला कळत नाही. ‘पहिली लढत’ आणि ‘परतीची लढत’ ही जोडी सोपी आणि रुळलेली आहे. अंतिम सामन्याला मात्र ‘परतीचं’ काही नसतं, तो एकच. २०२० मध्ये करोनामुळे उपांत्यपूर्व फेरीपासून सगळं लिस्बनमध्ये एकेका सामन्यात उरकलं. बायर्नने बार्सिलोनाला ८-२ ने लोळवलं तो सामनाही एकेरीच. त्याला ‘पहिली लढत’ म्हणणाऱ्या पोस्ट अजून दिसतात.

फेऱ्यांची नावं मागून मोजावीत: अंतिम, उपांत्य, उपांत्यपूर्व, उपउपांत्यपूर्व. शेवटचं नाव १६ संघांच्या फेरीचं. ‘उप’ची साखळी जड वाटली तर ‘शेवटच्या १६ ची फेरी’ लिहावं. नव्या रचनेत त्याआधी आणखी एक पायरी आली आहे: साखळीतले पहिले ८ थेट शेवटच्या १६ मध्ये, ९ ते २४ क्रमांकाचे संघ आपसात दोन लढती खेळतात, २५ पासून पुढचे घरी. या पायरीला ‘उपउपउपांत्यपूर्व’ म्हणायचा मोह टाळा. शेवटच्या १६ पैकी निम्मे संघ तिथे खेळतच नाहीत, त्यामुळे ती पूर्ण फेरी नव्हे. ‘प्ले-ऑफ’ हाच शब्द ठेवावा.

राइटबॅक

वेळेचं मी सांगतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे.

दोन गोल घ्या. २०१७ मध्ये सर्जी रॉबेर्तोने पीएसजीविरुद्ध केलेला शेवटचा, आणि ४ मे २०२२ ला बर्नाबेऊवर रेआल माद्रिदच्या करीम बेन्झेमाने मँचेस्टर सिटीविरुद्ध पेनल्टीवर केलेला. दोन्हींबद्दल ‘९५ व्या मिनिटाला’ असं छापतात. पहिला ९०+५ आहे: दुखापती, बदली खेळाडू, वेळकाढूपणा यांत गेलेली मिनिटं पंच दुसऱ्या सत्राच्या शेवटी भरून देतात, ती भरपाई वेळ. दुसरा खरोखर ९५ वा आहे: ९० मिनिटांनंतर बेरीज समान राहिली म्हणून १५-१५ मिनिटांची दोन नवी सत्रं झाली, ती अतिरिक्त वेळ. त्या रात्री रेआलच्याच रॉड्रिगोने ९० आणि ९०+१ अशा दोन मिनिटांत दोन गोल करून बेरीज ५-५ वर आणली नसती, तर ही सत्रं झालीच नसती.

म्हणून ‘भरपाई वेळ’ आणि ‘अतिरिक्त वेळ’ हे शब्द अदलाबदलीचे नाहीत. ‘जादा वेळ’ दोन्हीकडे वापरला जातो, तेव्हा तो टाळलेला बरा. ‘इंज्युरी टाइम’ लोकांच्या तोंडी आहे, त्याला हरकत नाही, त्याचा अर्थ नेहमी भरपाईच होतो. लिहिताना अधिकचं चिन्ह जपा: ९०+५ चं ९५ केलं की वाचकाला वाटतं सामना अतिरिक्त वेळेत गेला होता. अतिरिक्त वेळेच्या प्रत्येक सत्राला स्वतःची भरपाईही असते, त्यामुळे १२०+२ सुद्धा होऊ शकतं.

पाटाकडची_गर्दी

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवरच्या सामन्यांच्या बातम्यांत ‘टायब्रेकरवर मात’ असंच येतं आणि मैदानावरही सगळे तेच म्हणतात. पेनल्टी शूटआउट म्हणायलाच हवं का?

बेरीजवजाबाकी

कोल्हापूरचा ‘टायब्रेकर’ घट्ट रुजलेला आहे, तो काढू नये. पाच-पाच फटके म्हणजे टायब्रेकर आणि त्यानंतर एकेक फटका म्हणजे सडन डेथ, ही तिथली समज नेमकी आहे. अडचण फक्त साखळीच्या तक्त्याबद्दल लिहिताना येते. तिथे गुण समान झाल्यावर गोलफरक, केलेले गोल वगैरे जे एकामागून एक पाहतात त्यांनाही टायब्रेकर म्हणतात. तिथे ‘बरोबरी सोडवण्याचे निकष’ लिहा आणि फटक्यांसाठी टायब्रेकर राहू द्या.

मोठी चूक दुसरीच. शूटआउटचे गोल निकालात मिळवू नयेत. ११ मार्च २०२५, अ‍ॅनफील्ड: पहिली लढत लिव्हरपूल १-०, परतीची पीएसजी १-०, दोन्ही मिळून १-१, शूटआउटमध्ये पीएसजी ४-१. काहींनी त्याचं ‘५-२ ने विजय’ केलं. तसा निकाल कुठेच नोंदला जात नाही. शूटआउट फक्त पुढे कोण जाणार ते ठरवतो. बरोबर मांडणी अशी: ‘एकूण १-१, शूटआउटमध्ये ४-१’.

‘पेनल्टीवर जिंकले’ हेही संदिग्ध आहे. बेन्झेमाने सिटीविरुद्ध पेनल्टीवर जिंकवलं आणि गोलरक्षक डोन्नारुम्माने पीएसजीला पेनल्टींवर जिंकवलं, यातला फरक फक्त एका अनुस्वाराचा आहे. ‘शूटआउटमध्ये’ म्हटलं की शंका उरत नाही.

साइडलाइन

याच संदर्भात क्रियापदांचंही बघा. १२ मार्च २०२५ च्या माद्रिद डर्बीत (रेआल विरुद्ध अ‍ॅटलेटिको) शूटआउटमधला अ‍ॅटलेटिकोच्या हुलियान आल्वारेझचा फटका जाळ्यात गेला, पण पाय घसरून चेंडूला दोनदा स्पर्श झाल्याने तो रद्द झाला. ‘आल्वारेझने पेनल्टी हुकवली’ हे साफ चूक. हुकवणं म्हणजे बाहेर मारणं, खांबावर आदळणं. गोलरक्षकाने रोखला तर ‘अडवला’. पंचांनी नाकारला तर ‘रद्द’. त्यानंतर जून २०२५ मध्ये नियमाचा खुलासा झाला: असा स्पर्श चुकून झाला आणि चेंडू आत गेला, तर फटका पुन्हा घ्यायचा. पुढे असं घडलं तर चौथं क्रियापद लागेल, ‘फेरफटका’ सोडून काहीही चालेल!

कॉर्नरफ्लॅग

आता रेमोंतादा.

डावी_कड

स्पॅनिश ‘रेमोंतार’ म्हणजे पुन्हा वर चढणं, मागे पडलेलं भरून काढणं. चाहते हा शब्द सरसकट प्रत्येक नाट्यमय विजयाला लावतात. माझ्या मते तीन अटी हव्यात: आधी मोठी पिछाडी, ती भरून काढणं आणि शेवटी पुढे जाणं. ७ मे २०१९ चा अ‍ॅनफील्ड सामना तिन्हीत बसतो: पहिल्या लढतीत लिव्हरपूल बार्सिलोनाकडून ०-३ ने हरलं, परतीत ४-०, एकूण ४-३. ओरिगी दोन, वायनाल्डम ५४ आणि ५६ व्या मिनिटाला दोन, आणि अलेक्झांडर-अर्नोल्डने बार्सिलोनाचा बचाव जागेवर यायच्या आत पटकन घेतलेला कॉर्नर. १९९९ च्या अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडने बायर्नविरुद्ध भरपाई वेळेत दोन गोल केले, त्याला मी रेमोंतादा म्हणणार नाही. पिछाडी एकाच गोलची होती. ती हातातोंडाशी आलेला घास हिरावण्याची गोष्ट.

मराठीत ‘पिछाडी भरून काढली’ हे शांतपणे सांगायला, ‘बाजी पलटवली’ हे जोरात सांगायला. ‘मुसंडी मारली’ हे त्याच्या जागी नको. मुसंडी म्हणजे डुकराची धडक, समोरचं फोडून घुसणं. ती आक्रमणाला शोभते, गुणतक्त्यात वर सरकायलाही शोभते. पुढे असलेला संघही मुसंडी मारू शकतो, पण पिछाडी भरून काढायला आधी मागे असावंच लागतं.

राइटबॅक

‘वचपा काढला’ही तसाच. त्याला जुना हिशेब लागतो. मे २०२२ मध्ये रेआल माद्रिदने सिटीला उपांत्य फेरीत बाद केलं, वर्षभराने त्याच फेरीत सिटीने घरी ४-० आणि एकूण ५-१ असं हरवलं. हा वचपा. २०२४ मध्ये रेआलने सिटीला शूटआउटमध्ये घालवलं तोही वचपाच. पण दोन संघांत आधी काही घडलेलंच नसेल तर वचपा कशाचा? तिथे ‘धूळ चारली’, ‘पाणी पाजलं’ हे मोकळेपणाने वापरा. ‘धुव्वा’ फरक मोठा असेल तेव्हाच: ३१ मे २०२५ ला म्युनिकमध्ये पीएसजीने इंटरला ५-० ने हरवलं तो धुव्वा.

इंटरचाच त्याआधीचा उपांत्य सामना मात्र कुठल्या एका शब्दात मावत नाही. मिलानमध्ये ८७ व्या मिनिटाला राफिन्याने बार्सिलोनाला एकूण ६-५ असं पुढे नेलं, ९०+३ ला अचेर्बीने ६-६ केले आणि अतिरिक्त वेळेत ९९ व्या मिनिटाला फ्रात्तेसीने ७-६. बार्सिलोनाच्या बाजूने ‘घास हिरावला’, इंटरच्या बाजूने ‘तोंडचं पाणी पळालं आणि परत आलं’.

साइडलाइन

रेमोंतादाचं लिंग काय धरता? स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी आहे.

डावी_कड

मराठीत ‘रेमोंतादा झाला’. आकारान्त परका शब्द आपल्याकडे पुल्लिंगाकडे झुकतो. सामान्यरूप मात्र होत नाही: कॅमेरा, कॅमेऱ्याचा असं झालं, पण ड्रामा, ड्रामाचा. हा ड्रामाच्या बाजूचा. ‘रेमोंतादाची आशा’.

पाटाकडची_गर्दी

तारखेचं कुणी बोललं नाही. तिकडचा मंगळवारी रात्री ९ चा सामना आपल्याकडे बुधवारी सुरू होतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं पुढे जातात: त्याआधी आपल्या रात्री दीडला, त्यानंतर साडेबाराला. म्हणजे शेवटच्या १६ च्या लढती दीडच्या, उपांत्यपूर्व आणि उपांत्य साडेबाराच्या. ‘मंगळवारी मध्यरात्री’ लिहिलं की सोमवार-मंगळवारमधली रात्र की मंगळवार-बुधवारमधली, असा घोळ होतो आणि लोक एक दिवस आधी किंवा नंतर टीव्ही लावून बसतात.

राइटबॅक

‘बुधवारी रात्री दीड’ लिहिलं तरी लोक बुधवारची संध्याकाळ उलटायची वाट बघतात. ‘मंगळवारी उत्तररात्री १.३०, म्हणजे बुधवार लागल्यावर’ इतकं लांब लिहिणं परवडलं. ‘पहाटे दीड’ नको, दीडला पहाट होत नाही. शूटआउटपर्यंत गेलेला दीडचा सामना चारच्या पुढे संपतो, तो निकाल मात्र पहाटेचाच. २०२६ च्या अंतिम सामन्यासाठी यूएफाने बुडापेस्टची सायंकाळी ६ ची वेळ ठरवली, ती आपली रात्री ९.३०, तिथे तारखेचा प्रश्नच येत नाही.