मदत हवी आहे : वारुळावरची अळंबी की प्लूटियस?

मुक्काम कुडाळ तालुका. परसात काजूच्या झाडाखाली, मातीतून पाच-सहा अळंब्या आल्यात. वारूळ वर कुठे दिसत नाही. मात्र दोन वर्षांपूर्वी तिथेच एक झाड तोडलं होतं, त्याची मुळं खाली असणार. घोळ तिथेच आहे: वारुळावरची अळंबी (टर्मिटोमायसीस) जमिनीखालच्या वाळवीच्या वारुळातून उगवते, तर प्लूटियस ही अळंबी कुजक्या लाकडावर.

टोपी ७-८ सेंमी, करडी-तपकिरी, मधोमध टोकदार उंचवटा. गिल्स (टोपीखालच्या पात्या) देठाला चिकटलेल्या नाहीत. देठाला वलय नाही, बुडाशी पिशवी नाही. पांढऱ्या कागदावर रात्रभर ठेवून बीजाणूंचा ठसा घेतला, फिकट गुलाबी आला. म्हणजे हिरवा ठसा देणारी विषारी क्लोरोफायलम नव्हे, एवढं नक्की. मायक्रोस्कोपखाली ४०० पटीत बीजाणू गुळगुळीत, लंबगोल, साधारण ७ × ४.५ मायक्रॉन. कोनेदार नाहीत, त्यामुळे गुलाबी ठशाचीच, पण कोनेदार बीजाणूंची एन्टोलोमाही बाद.

टर्मिटोमायसीस असेल तर देठ खाली मुळासारखा वारुळापर्यंत जायला हवा. मी खणलं, पण चार बोटांवर तो तुटला (घाई नडली). उरलेल्या दोन अळंब्या अजून जमिनीतच आहेत.

खायची नाही, फक्त ओळख हवी. तेव्हा 'चांदीचं नाणं टाकून उकळा' असले विष ओळखायचे घरगुती सल्ले कृपया नकोत.

वाचलंय की प्लूटियसमध्ये गिलच्या आतले तंतू मध्याकडे वळलेले असतात. पण ब्लेडने गिलचा आडवा काप घेताना दरवेळी लगदा होतो. जवळ कॉलेजचा साधा मायक्रोस्कोप, काप रंगवायला काँगो रेड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड आहे. काप ताज्या गिलचा घ्यावा की सुकवून, आणि कशात धरून?